नव्या तळ्यातली रोपं जगवताना

परसात खड्डा खणला, शेततळ्याचा कागद अंथरला, पाणी भरलं, हौसेनं कुमुदाची रोपं सोडली. महिन्याभरात पाणी हिरवंगार आणि रोपं कुजलेली! गटाच्या बैठकीत ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो.

दोष बहुतेक वेळा शेणखताचा असतो. जमिनीतल्या रोपाला ते अमृत, पण पाण्यात ते विरघळतं आणि आधी शेवाळच पोसलं जातं. कुजताना मुळांजवळचा प्राणवायूही संपतो. म्हणून कुंडीत नुसती चिकट माती भरा, वर बोटभर जाड वाळू पसरा. कुमुदाच्या कंदाचा कोंब मातीबाहेर उघडा राहू द्या. कमळाचा कंद आडवा ठेवा आणि त्याचं टोक जपा. ते मोडलं तर कंद बहुधा वाया जातो.

दुसरं म्हणजे घाई. कुंडी एकदम तळाशी सोडली तर कोवळी पानं वर पोचेपर्यंतच रोप थकतं. खाली विटा रचून कोंबावर वीतभरच पाणी राहील असं करा. पानं पाण्यावर पसरली की एकेक वीट काढत जा. वेखंड मात्र काठालाच लावा. त्याची मुळं ओलीत, पानं वर. कुमुद-कमळाला रोज पाच-सहा तास ऊन हवंच.

पाणी हिरवं झालं म्हणून उपसून टाकू नका. नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य मिळतं. पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं की ते आपोआप ओसरतं. उन्हाळ्यात आटेल तेवढीच भर घाला, शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्याची.

नदीवरची जलपर्णी फुकट मिळते, फुलंही सुरेख, पण आणू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती बघता बघता सगळं पाणी झाकते आणि खालच्या रोपांचा उजेड तोडते.

सासूबाई म्हणतील, डास होतील. भीती खरी आहे. चतुराची पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्या खातात आणि मोठी झाली की वेखंडासारख्या पानांवर चढूनच पंख पसरतात. पण चतुर यायला वेळ लागतो. तोवर दर चार दिवसांनी गाळणीनं अळ्या काढा. गावात डेंग्यूची साथ असेल तर सरळ गप्पी मासे सोडा; बेडकांची पिल्लं थोडी कमी झाली तरी चालतील. मासे ओढ्यात वाहून जाणार नाहीत एवढं बघा. आणि घरात रांगतं मूल असेल तर रोपांच्याही आधी काठाला कूड घाला.