रणगाड्याला ‘विशेष वाहन’ म्हणणारा देश

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जपानी येणाऱ्याला चांगला भाव आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये धडे गिरवून जपानी भाषेची ‘एन-टू’ परीक्षा पास झालेली मंडळी तिथे जपानी ग्राहकांच्या मागण्या समजावून देतात. त्यांचं काम सॉफ्टवेअरचं. पण त्यांनी कधी जपानी लष्कराची बातमी वाचली, तर भलतीच गंमत हाती लागेल. पायदळाला जुना शब्द ‘होहेइ’. आजच्या दलात मात्र पायदळ म्हणजे ‘फुत्सूका’, अर्थात ‘सर्वसाधारण विभाग’. विनाशिका म्हणजे ‘गोएइकान’, रक्षणासाठी सोबत चालणारं जहाज. रणगाडा तर सुरुवातीला चक्क ‘तोकुशा’ होता, विशेष वाहन!

ही भिडस्त भाषा आली संविधानातून.

फेब्रुवारी १९४६ मध्ये, हरलेल्या जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त फौजांचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्या कचेरीने जेमतेम आठवडाभरात त्याचा मसुदा हातावेगळा केला. संसदेतल्या खलानंतर ते ३ मे १९४७ ला लागू झालं. कलम ९ नुसार जपानने युद्धाचा हक्क सोडला. भूदल, नौदल, हवाई दल काहीच बाळगायचं नाही असं ठरलं. मंत्रीही बिगरलष्करीच हवेत, हे कलम ६६ मध्ये आहे.

खल चालू होता तेव्हा याच ताबा-फौजेतले मराठी जवान जपानमध्येच होते. वर्षभरापूर्वी इटलीत सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली ती तिथे गेली. तिच्या डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामात, हद्दीत शिमाने प्रीफेक्चरही. काम काय, तर शस्त्रसाठे हुडकून नष्ट करायचे.

आणि १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटताच त्याच मॅकआर्थरनी ७५,००० जणांचं ‘पोलीस राखीव दल’ उभारायला लावलं! त्यातूनच १९५४ मध्ये ‘जिएइताइ’, म्हणजे स्वसंरक्षण दल, जन्मलं. कलम ९ ला मात्र कुणी हात लावला नाही. ते बदलायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि वर जनमताचा कौल लागतो. त्यापेक्षा अर्थ ताणणं सोपं. २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने तेच केलं: जपानचं अस्तित्वच धोक्यात येत असेल, तर मित्रदेशावरच्या हल्ल्यातही बळ वापरता येईल.

२०१५ मध्ये नौदलात २४८ मीटर लांबीची, सपाट डेकची ‘इझुमो’ ही युद्धनौका दाखल झाली. २०२१ मध्ये तिच्यावर अमेरिकेची एफ-३५बी लढाऊ विमानं उतरली. इझुमो हा जुना प्रांत आज शिमानेत येतो; मराठा पलटणीच्या डिव्हिजनने जिथे शस्त्रं गोळा केली, तोच मुलूख. आणि नोंदणीत ही बोट कोण? गोएइकान.