लढाईआधीचा धुरकरी

शंकरपट झाला की आपण जोडीचं नाव घेतो, मालकाचं घेतो. छकड्यावर जीव मुठीत धरून बसणारा धुरकरी मात्र पट उठला की विसरला जातो. आज अशाच एका धुरकऱ्याची आठवण.

२०१६ साली आर्वी तालुक्यात मी कृषी सहायक म्हणून रुजू झालो, तेव्हा हे आजोबा पंचाण्णव वर्षांचे होते. १९३९ ची लढाई लागायच्या आधीपासून ते पटात जोडी हाकत. घरी गेलं की आधी बैलाची खबर घेत, मग पिकाची.

जोडी गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा या आपल्याच भागातली ही जात. अंगानं हलकी, पायानं चपळ. मराठ्यांच्या फौजेची रसद झटपट न्यायला ती जोपासली गेली, असं सांगतात.

एकदा विचारलं, "आजोबा, पट जिंकायची युक्ती काय?"

"युक्ती कायची बाप्पा? मारलं त बैल बिचकते. कासरा कवा ढिला सोडाचा, थे समजलं पाह्यजे." ऐन पटात बैल लंगडला म्हणून त्यांनी जोडी बाहेर काढली होती. मालकानं शिव्या दिल्या, पुढचे दोन पट बसवलं नाही. त्याचा पस्तावा त्यांना कधी वाटला नाही.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मला वाटलं, आजोबा चिडले असतील. ते म्हणाले, "खिळे टोचले, दारू पाजली. बैलाले बोलता येत नाही, म्हणून कोर्ट बोललं." २०१८ साली ते गेले. पुन्हा पट पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

१६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदाही कायम झाला. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी लक्षात ठेवावं: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी, पल्ला एक हजार मीटरच्या आत हवा. काठी, चाबूक, बॅटरी चालणार नाही.

दुसरी गोष्ट. ट्रॅक्टर आणि संकरामुळे शुद्ध गवळाऊ कमी झाली आहे. गाय गवळाऊ असेल तर वळूही त्याच जातीचा निवडा. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आणि गावात एखादा म्हातारा धुरकरी असेल, तर पटाच्या दिवशी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवा. पोरांना कासरा धरायला त्याच्याकडूनच शिकू द्या.