उद्याचं सांगणारे

पुढं काय घडणार ते सांगणाऱ्या माणसाला काय म्हणतात? भातसानगरच्या मुलांना विचारलं तर 'ज्योतिषी' हा एकच शब्द आला. मग म्हटलं, घरी आजी-आजोबांना विचारून या. दुसऱ्या दिवशी फळा पुरला नाही!

ज्योती म्हणजे तेज. आकाशातल्या तेजस्वी ग्रहताऱ्यांकडे पाहून सांगतो तो ज्योतिषी. बोलता बोलता याच शब्दाचा झाला 'जोशी'. तुमच्या वर्गात एखादा जोशी असेल, तर त्याच्या आडनावात ज्योतिषी लपलेला आहे, बरं का! पूर्वी गावोगावी ग्रामजोशी असे. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं असलेलं पंचांग तो वाचून दाखवी. 'होरा' हा शब्द तर थेट ग्रीक भाषेतून आपल्याकडे आला. घड्याळातला इंग्रजी 'अवर' त्याचाच भाऊ.

दारोदार फिरणारे वेगळे. पिंगळा म्हणजे खरं तर छोटं घुबड. त्या पाखराची भाषा आपल्याला कळते असं सांगत पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन येणारा माणूसही पिंगळाच. डमरूसारखं छोटं कुडमुडं वाजवणारा तो कुडमुड्या जोशी. पुढं अर्धवट ज्ञानावर बडबडणाऱ्या कुणालाही लोक हेच नाव देऊ लागले. नंदीबैलवाला विचारतो, "पाऊस पडंल का?" अन् बैल मान हलवतो. बैलाला पावसाचं काही कळत नसतं, मालकाची खूण मात्र बरोबर कळते. म्हणून तर 'नंदीबैलासारखी मान डोलावू नकोस' असं म्हणतात. पोपटवाल्याचा पोपट चिठ्ठी काढतो. आता आपल्या रानातले पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे पोपटाच्या दृष्टीनं चांगलंच झालं.

हे सगळं गमतीचं आहे, तोवर ठीक. पण 'हिच्या पत्रिकेत शिक्षण नाही' असं कुणी सांगितलं, म्हणून सातवीतच पोरीचं दप्तर खुंटीला लावणारी घरं मी पाहिली आहेत. पालकांनो, त्यासाठी पुढचं वाचा.

२००८ साली पुण्यात शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी एक साधी परीक्षा घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर काही जण त्यांच्या सोबत होते. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार करून त्या मिसळल्या. प्रत्येक ज्योतिष्याकडे ४० पत्रिका पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कोणती ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी किती बरोबर आली असतील? शंभरात ४६! नुसता रुपया उडवून छापा की काटा केलं असतं, तरी ५० च्या आसपास बरोबर आली असती.

मग पुढचं सांगताच येत नाही का? येतं की! 'वेध' म्हणजे नीट पाहणं, मोजणं. त्यावरून झाली वेधशाळा. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. तिथं वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, ढग हे सगळं पाहून जे सांगतात त्याला भविष्य म्हणत नाहीत, 'अंदाज' म्हणतात. शब्दच प्रामाणिक आहे. अंदाज चुकतो, पण का चुकला ते शोधता येतं आणि पुढचा सुधारता येतो. आपल्या भातसा धरणाचंच बघा. पाणी किती चढलं ते मोजतात, आणि दरवाजे उघडायच्या आधी नदीकाठच्या गावांना 'इशारा' देतात. तोही पुढचं सांगणाराच शब्द, नाही का? तो ऐकून माणसं गुरं वर आणतात.

यंदा एक करा. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं : बेडूक, कोल्हा, मोर, उंदीर. त्यावरून पाऊस किती पडेल ते आजोबा सांगतील, ते वहीत लिहा. शेजारी रेडिओवरचा वेधशाळेचा अंदाज लिहा. तिसऱ्या रकान्यात खरा पाऊस लिहा. सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा, रोज सकाळी त्यात पट्टी बुडवा आणि पाणी ओतून टाका. आणि हो, 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, ती तारीखही टिपून ठेवा. दसऱ्याला वह्या घेऊन या, मग तिन्ही रकाने जुळवून पाहू.