तबकडीखालची चटई

टर्नटेबल घरात असेल तर एक प्रयोग आजच करून पाहा. मोटर बंद ठेवा, थाळी थांबलेली असू द्या आणि सुई अलगद रेकॉर्डवर टेकवा. ॲम्प्लिफायरचा आवाज नेहमीपेक्षा जरा कमीच ठेवा, नाहीतर स्पीकरला हिसका बसेल. आता रेकॉर्डच्या अगदी कडेला नखाने हलकी टिचकी मारा.

टिचकी स्पीकरमधून ऐकू येईलच. ती कशी ऐकू येते, याकडे कान द्या. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा ‘टण्‌’ असा आवाज आला आणि त्यामागे रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा एक छोटा निनाद रेंगाळला. थाळीवर तेव्हा पातळ फेल्टची चटई होती. ती काढून बूच आणि रबराच्या भुग्याची चटई घातली, पुन्हा टिचकी मारली. या वेळी ‘टप्‌’, आणि पुढे काही नाही.

सुईला गाणं आणि टिचकी यांतला फरक कळत नाही. खोबणीची भिंत हलली की ती हलते. भिंत गायिकेच्या आवाजाच्या आकारात कापलेली आहे म्हणून हलली, की सगळी तबकडीच थरथरली म्हणून, हे तिला कसं कळणार? चटईचा सगळा प्रश्न एवढाच आहे. तो किती मोठा आहे, हे कळायला थोडं गणित करावं लागतं.

सुई जिच्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजची क्षमता सांगताना सहसा 1,000 हर्ट्‌झचा सूर आणि सेकंदाला 5 सेंटिमीटर हा खोबणीचा वेग धरतात. हा चांगला खणखणीत आवाज झाला. त्या आवाजाला सुई मध्यापासून जेमतेम 8 मायक्रॉन सरकते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. आता याच सुराहून 60 डेसिबलने हळू असलेला तपशील घ्या, म्हणजे हजारावा भाग. सुईची हालचाल उरली 8 नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाच्या लहरीच्या पन्नासाव्या भागाइतकीही नाही. तानपुऱ्याची जोडी छेडून झाल्यावर विरत जाणारी जी आस असते, ती याच प्रदेशात राहते. तिच्या शेजारी मोटरची घरघर, शेजारच्यांच्या मिक्सरचा फरशीतून आलेला कंप आणि खुद्द स्पीकरने हवेतून परत पाठवलेला धक्का, हे सगळे पाहुणे गर्दी करून असतात.

त्यात आणखी एक भानगड आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि तार सप्तक उचलतात; वाजवताना फोनो प्रीॲम्प याच्या उलट करतो. आरआयएए नावाची ही वक्ररेषा 1954पासून सर्वमान्य झाली. तिच्यामुळे 20 हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज मधल्या सुरांच्या तुलनेत जवळपास दहापट वाढवला जातो. गाण्याचा खर्ज त्यामुळे जागेवर येतो खरा, पण फरशीचा कंपही त्याच दहापटीने वाढतो.

शिवाय सुईसुद्धा गप्प बसलेली नसते. भिंत तिला ढकलते, तशी ती भिंतीला ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम इथेही लागू आहेच. म्हणजे प्लॅस्टिकच्या त्या दोन मिलिमीटरच्या चकतीला सुई गाणं चालू असतानाच बारीक बारीक टिचक्या मारत असते. ती ऊर्जा खाली उतरून कुठे तरी जिरली पाहिजे. जिरली नाही तर तबकडीतच फिरत राहते आणि पुन्हा सुईपाशी येते.

मजेची गोष्ट अशी, की चटई मुळात यासाठी आलीच नव्हती. चावीच्या ग्रामोफोनच्या थाळीवर जे फेल्ट किंवा मखमल चिकटवलेलं असे, ते लाखेची जड, ठिसूळ तबकडी घसरू नये आणि ओरखडू नये म्हणून. शंभर-शंभर ग्रॅम वजनाचा साऊंडबॉक्स आणि पोलादी टाचणी तिच्यावर खरवडत असताना नॅनोमीटरची काळजी कोण करणार? सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशने फेल्टला खळ देऊन नेमका उलटा उपयोग केला: थाळी फिरत राहावी आणि रेकॉर्ड मात्र हाताने थांबवता, घसरवता यावी. त्यामुळे दुकानात ‘डीजे स्लिपमॅट’ म्हणून रंगीत चित्रांची जी चटई मिळते, ती घसरण्यासाठीच बनवलेली आहे. घरी निवांत भूप राग ऐकायला ती घेऊ नका.

पण म्हणून फेल्ट टाकाऊ ठरत नाही. रेगा कंपनी आपल्या काचेच्या थाळीवर फेल्टच देते, स्कॉटलंडच्या लिनच्या एलपी-12वरही फेल्टच असतं. त्यांचा विचार वेगळा आहे: तबकडीला थाळीपासून शक्य तितकी सुटी ठेवायची, खालची थरथर वर येऊ द्यायची नाही. टेक्निक्सने एसएल-1200च्या 1979च्या आवृत्तीत दुसरी वाट धरली. ॲल्युमिनियमची थाळी वाजवली तर घंटेसारखी वाजते, म्हणून तिच्या पोटालाही रबर लावलं आणि पाठीवरही जाड रबरी चटई दिली. म्हणजे काचेच्या थाळीची चटई उचलून ॲल्युमिनियमवर टाकली आणि ‘फरक पडला नाही’ म्हटलं, तर दोष चटईचा नाही.

जाहिरातींमध्ये आणखी एक शब्द सापडतो: ध्वनिक प्रतिरोध. पदार्थाची घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग. रेकॉर्डच्या पीव्हीसीचा आणि ॲक्रिलिकचा हा आकडा जवळजवळ सारखा येतो, ॲल्युमिनियमचा साधारण पाचपट. दोन पदार्थांचे आकडे जुळले तर कंपन सीमेवरून परत न फिरता सरळ पलीकडे जातं. म्हणून ॲक्रिलिकची चटई सर्वोत्तम, असा युक्तिवाद. भौतिकशास्त्र बरोबर आहे, जागा चुकली आहे. पीव्हीसीमध्ये 1,000 हर्ट्‌झच्या लहरीची लांबी दोन मीटरहून जास्त भरते. तबकडी दोन मिलिमीटरची. इतक्या पातळ चकतीत लाट खाली जाऊन आपटून परत येते, हे चित्रच नीट लागू पडत नाही. चकती पापडासारखी वाकते-थरथरते, आणि ते वाकणं कोण थोपवतं हा खरा सवाल आहे. शिवाय प्रतिरोध जुळण्याचा लाभ मिळायला दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये हवेचा पातळ थर आला तरी सगळं मुसळ केरात.

आणि तो थर असतोच. एखादी एलपी आडवी धरून उजेडात पाहा. लेबलचा भाग आणि बाहेरची कड खोबणीच्या भागापेक्षा किंचित उंच दिसेल. एकावर एक ठेवलेल्या रेकॉर्डच्या खोबणी घासू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. पण सपाट, कडक चटईवर अशी रेकॉर्ड लेबल आणि काठ यांवर टेकते, मधला गाण्याचा पट्टा अधांतरी राहतो, डफाच्या कातड्यासारखा. म्हणून चटई घेताना मी सगळ्यात आधी पाहतो, की मध्ये लेबलसाठी खोलगट जागा सोडली आहे की नाही. ती नसेल, तर चटई निदान मऊ हवी. माझ्या मते पदार्थाच्या नावापेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडतो, आणि विक्रेते तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात.

दुसरी गोष्ट उंचीची. साधारण 230 मिलिमीटर लांबीच्या टोनआर्मखाली, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याखाली, चटई 1 मिलिमीटरने जाड झाली, की सुईचा कोन पाव अंशाने बदलतो. तीन मिलिमीटरला पाऊण अंश. आवाज उजळ झाला की मंद, हे ठरवताना लोक चटईचे गुण गातात. बदललेला असतो तो कोन. टेक्निक्सवर आर्मची उंची कडं फिरवून 6 मिलिमीटरपर्यंत चढवता येते. रेगाच्या आर्मला तशी सोय नसते, बुडाशी चकती सरकवावी लागते. उंची बदलली की सुईचा दाबही काट्यावर पुन्हा मोजून घ्या.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. पीव्हीसी घासलं की त्यावर ऋण विद्युतभार साचतो. नागपूरच्या जानेवारीत रेकॉर्ड उचलली की फेल्टची चटई तिच्या पोटाला चिकटून वर येते आणि नेमकी सुईच्या डोक्यावर सुटून पडते. माझी एक सुई अशीच गेली. मुंबईच्या जुलैत हा त्रास नाही, पण फेल्ट आणि चामडं ओल धरतात, बुरशी येते, आणि ती खोबणीत जाते. बूच-रबराचं मिश्रण या दोन्ही बाबतींत बरं. नुसतं रबर टिकाऊ, पण काही वर्षांनी कडक पडतं. जुन्या टर्नटेबलची चटई नखाने दाबून पाहा.

निवड शेवटी कानानेच करायची, फक्त डोळे झाकून. मी भाच्याला चटया बदलायला बसवलं, आर्मची उंची प्रत्येक वेळी जुळवून घ्यायला लावली आणि किशोरीताई आमोणकरांच्या भूपाची सुरुवात पुन्हा पुन्हा ऐकली. तानपुरे आणि आलापातल्या मोकळ्या जागा, एवढंच. फेल्ट कुठलं आणि बूच-रबर कुठलं, हे मी बहुतेक वेळा ओळखलं. बूच-रबर आणि कितीतरी पट महाग ॲक्रिलिक यांत मात्र माझे अंदाज नाणेफेकीइतकेच निघाले. ॲक्रिलिकची चटई मित्राकडून आणलेली होती. दुसऱ्या दिवशी परत केली.