शेतजमीन शहराच्या हद्दीतून वगळण्याचे नियम

परभणी येथे २०११ साली महानगरपालिका स्थापन झाली. जिंतूर, सेलू, मानवत व गंगाखेड येथे नगरपरिषदा आहेत. या शहरांच्या कडेला आजही कापूस, सोयाबीन व ज्वारीची राने आहेत. शहराच्या हद्दीत असलेले रान हद्दीबाहेर काढता येते काय, आणि काढल्याने काय साधते, हे जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

अधिकार कोणाचा? केवळ खातेदाराच्या अर्जाने हद्द बदलत नाही. तो अधिकार राज्य शासनाचा आहे. महानगरपालिकांस १९४९ चा व नगरपरिषदांस १९६५ चा अधिनियम लागू होतो.

कार्यपद्धती. महानगरपालिकेच्या बाबतीत पुढील तीन गोष्टी आवश्यक आहेत :

(१) प्रारूप अधिसूचना आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे.
(२) महानगरपालिकेशी विचारविनिमय करणे.
(३) अंतिम अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करणे.

यांपैकी एकही पायरी गाळून चालत नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतून १८ गावे वगळण्याचा २०२० मधील निर्णय, असा विचारविनिमय योग्य रीतीने न झाल्यामुळे, मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला.

वगळल्यानंतर काय? पूर्वीची ग्रामपंचायतच परत येईल असे नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली आलेली उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे २०२४ साली वगळण्यात आली. परंतु तेथे स्वतंत्र नगरपरिषद झाली.

प्राप्तिकर. शेतजमीन विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरील कर केवळ हद्दीवर अवलंबून नाही. शहराची लोकसंख्या १ लाखाहून अधिक व १० लाखांपर्यंत असल्यास हद्दीपासून ६ किलोमीटरपर्यंतची, आणि १० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंत असल्यास २ किलोमीटरपर्यंतची शेतजमीनही करास पात्र ठरते. हे अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात, रस्त्याने नव्हे. परभणीस ६ किलोमीटरचा नियम लागतो. म्हणून हद्दीबाहेर गेलेले, परंतु शहरालगतचे रान करातून सुटत नाही.

शेती चालू ठेवण्यास हद्द आड येत नाही. बांधकामास परवानगी मिळेल की नाही, हे विकास आराखड्यातील विभागावरून ठरते. आपला गट कोणत्या विभागात आहे, हे आधी आराखड्यावर पाहावे.

ग्रामसेवकांनी प्रारूप अधिसूचना चावडीवर वाचून दाखवावी. हरकत घेणाऱ्याने गट क्रमांक, सात-बाराचा उतारा व नकाशा जोडून ती मुदतीत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुदत टळल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग सहसा होत नाही.