कॉन्स्टान्शियाची मालकीण

जगातील नामांकित वाइनचा विषय निघाला की फ्रान्स-इटलीच्या जोडीने एका चिमुकल्या मुलखाचे नाव हमखास घेतले जाते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळचे कॉन्स्टान्शिया! टेबल माउंटनच्या पाठीमागचा डोंगरउतार, ग्रॅनाइट झिजून झालेली माती, फॉल्स बेच्या समुद्रावरून येणारा गार वारा आणि मोजके दहा-बारा द्राक्षमळे. येथील मस्कट द्राक्षांची गोड वाइन युरोपचे राजेरजवाडे पीत. सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेल्या नेपोलियनसाठीही तीच जात असे. माती आणि हवा यांनी या मुलखाचा गुण घडवला, असे वाइनचे जाणकार सांगतात. पण माती स्वतःहून वेल लावत नाही. ते हात कोणाचे होते?

डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधील प्रमुख सायमन व्हॅन डर स्टेल याला 1685 मध्ये ही जमीन मिळाली. ती कसण्यासाठी गुलाम राबले. 1652 ते 1808 या काळात केपमध्ये सुमारे 63 हजार माणसे गुलाम म्हणून आणली गेली. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया येथून जशी आणली, तशीच बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरूनही. जवळपास चौथा हिस्सा आपल्या उपखंडातला होता. त्यांची मूळ नावे पुसून कोणाला ‘फेब्रुवारी’, कोणाला ‘सप्टेंबर’ म्हटले गेले. ही आडनावे केपमध्ये आजही सापडतात.

या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, प्रत्येक शोषित समाजाने ते मुळातून वाचावे. 1657 मध्ये बंगालची एक स्त्री गुलाम म्हणून केपला आणली गेली. अँजेला हे तिचे मालकांनी लिहिलेले नाव. 1666 मध्ये ती मुलांसह मुक्त झाली. तिची मुलगी ॲना डी कोनिंग हिचा विवाह कंपनीचा अधिकारी ओलोफ बर्ग याच्याशी झाला. बर्गने 1716 मध्ये ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतले आणि 1724 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ॲना त्या मळ्याची मालकीण झाली. गुलाम स्त्रीची लेक जगप्रसिद्ध मळ्याची मालकीण! केवढी ही झेप! खुद्द व्हॅन डर स्टेलची आजीही हिंदुस्थानातील, गुलामीतून सुटलेली स्त्री होती.

पण मित्रहो, खरा प्रश्न यापुढेच आहे. ॲना मालकीण झाली तेव्हा मळ्यातल्या गुलामांचे काय झाले? काहीही नाही. ते गुलामच राहिले आणि तिच्या नावावर आले. माणूस वर गेला, व्यवस्था जागच्या जागी राहिली. यात एकट्या ॲनाला दोष देण्याचे कारण नाही. माणसाला मालमत्ता मानणारा कायदा जोवर जिवंत आहे, तोवर मालकाचे रक्त कोणते, याने गुलामाच्या पाठीवरचा आसूड हलका होत नाही.

1834 मध्ये कायद्याने गुलामी संपली. तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना त्याच मालकांकडे राबवले गेले. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना! ज्यांचे आयुष्य लुटले, त्यांना जमिनीचा तुकडाही नाही. पुढे केपच्या द्राक्षपट्ट्यात ‘डॉप’ पद्धत चालली. मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपाने, दिवसातून अनेकदा द्यायचा. मजूर व्यसनी झाला की तो मळा सोडून जातो कुठे? विसाव्या शतकात यावर बंदी आली, पण ही प्रथा 1990च्या दशकापर्यंत रेंगाळली. गर्भातच दारूने बाधित झालेल्या बालकांचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदले गेले, ते याच पट्ट्यात. पिढ्यांपूर्वीच्या मजुरीची किंमत आजचे बालक मोजते आहे.

कॉन्स्टान्शियात गुलामांचे काही वंशज छोटे शेतकरी बनून भाजीपाला व फुले पिकवू लागले होते. 1950चा ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ आला आणि 1960च्या दशकात हा भाग ‘गोऱ्यांचा’ ठरवून त्या कुटुंबांना केप फ्लॅट्सच्या वाळूत हाकलण्यात आले. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर 1994च्या जमीन परतावा कायद्याने दावे दाखल करण्याचा हक्क मिळाला. त्याची सीमारेषा 19 जून 1913. त्यापूर्वी हिरावलेल्या जमिनीला या कायद्यात जागा नाही. म्हणजे 1960ची हकालपट्टी दाव्यात बसते, 1685ची जमीन बसत नाही.

आज ग्रूट कॉन्स्टान्शियाच्या जुन्या वाड्यात संग्रहालय आहे आणि तेथे गुलामांचा इतिहासही मांडला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण भिंतीवर नाव लागणे वेगळे आणि सातबारावर नाव लागणे वेगळे. एखाद्या मुलखाचा स्वभाव त्याच्या वाइनच्या चवीवरून नव्हे, तर त्याच्या जमिनीच्या कागदावरून ओळखावा. त्या कागदावर एक ॲना दिसली म्हणून टाळ्या पिटू नयेत. तिच्या मळ्यात राबणाऱ्यांची नावे त्यावर कधी येणार, हे विचारावे!