कंत्राटदाराचे थकलेले बिल

गावात शाळेची खोली अर्धवट राहिली, की लोक कंत्राटदाराला नावे ठेवतात. ‘पैसे खाल्ले असतील,’ असे म्हणून मोकळे होतात. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा पैसे त्याच्या हाती आलेलेच नसतात. हा हिशेब कसा असतो, तो आज आपण पाहू.

दुकानदार माल देतो आणि बहुधा तिथल्या तिथे पैसे घेतो. कंत्राटदाराचे उलट आहे. तो आधी खर्च करतो. गवंडी-बिगाऱ्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करावी लागते. सिमेंट-लोखंडाची उधारी फार दिवस चालत नाही. काम उभे राहिले, की मोजमाप होते, मोजमाप-पुस्तिकेत नोंद होते, बिल तपासले जाते, अनामत आणि आयकर कापला जातो. आणि एवढे होऊन निधी शिल्लक असेल, तर पैसे निघतात. यातली एक पायरी अडली, की सगळेच अडते.

आता एक उदाहरण घ्या. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडायला हरकत नाही. खोलीचे बिल १० लाखांचे. खर्च ९ लाख. म्हणजे नफा १ लाख. हे ९ लाख त्याने दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने आणले, तर महिन्याचे व्याज १८,००० रुपये. बिल सहा महिने थकले, तर व्याज झाले १,०८,००० रुपये. नफा तर गेलाच, वर ८,००० रुपये पदरचे गेले! बँकेने दरसाल शेकडा १२ दराने कर्ज दिले असते, तरी सहा महिन्यांत ५४,००० गेले असते; म्हणजे निम्म्याहून अधिक नफा. वहीत नफा दिसतो, पण गल्ला रिकामा, असा हा प्रकार आहे.

मग तो काय करतो? दुसऱ्या कामाची उचल घेऊन पहिल्याची देणी भागवतो. तेही बिल थकले, की दोन्ही कामे बसतात. मजूर दुसरीकडे जातात, वीटभट्टीवाल्याची उधारी राहते, आणि स्लॅब पडण्याआधी पाऊस येतो. पुढच्या निविदेत जाणता कंत्राटदार हे व्याज धरूनच दर भरतो. म्हणजे उशिराची किंमत शेवटी गावच मोजते. २०२५ साली महाराष्ट्रात सरकारी कामांच्या थकलेल्या बिलांसाठी कंत्राटदारांच्या संघटनांनी आंदोलने केली, ती या पार्श्वभूमीवर.

यावर कायदा आहे काय? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मात्र बांधकामाच्या कंत्राटाला हा कायदा लागू होतो की नाही, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून करारातच बिलाची मुदत आणि उशिराचे व्याज लिहून घेणे बरे. प्रत्येक कामाचा हिशेब वेगळा ठेवावा. एकाचा पैसा दुसऱ्यात घालू नये.

आणि ग्रामस्थांनी? कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी ग्रामसभेत एवढेच विचारावे: ‘या कामाचा निधी जमा आहे का?’ आधी निधी, मग नारळ. हा क्रम पाळला, तर पुष्कळ खोल्यांवर पावसाळ्याआधी छप्पर येईल.